अनंत

मृगाच्या सरी येऊन गेल्या की कोकणातील घरांच्या अंगणांत अनंत फुलू लागतो. विहिरीजवळ किंवा पडवीच्या कोपऱ्याशी उभे असलेले हे झुडूप एरवी कोणाच्या फारसे लक्षात येत नाही. परंतु पावसाळ्यातील एखाद्या संध्याकाळी, झाड दृष्टीस पडण्यापूर्वीच त्याचा सुगंध येणाऱ्याला फाटकापाशी गाठतो. देवपूजेला व स्त्रियांच्या वेणीला या फुलांचा मोठा मान आहे.

अनंताचे झुडूप साधारणपणे पुरुषभर उंच वाढते. पाने समोरासमोर जोडीने येतात. ती गर्द हिरवी आणि तेल लावल्यासारखी तुकतुकीत असतात. कळी हिरवट पांढरी व पिळाची असते, जणू कोणी पांढरी वस्त्रे पिळून ठेवावीत. ही पिळे सैल होत होत फूल उमलते. उमललेले फूल पहिल्या दिवशी दुधासारखे शुभ्र दिसते, पुढे ते सायीच्या रंगाचे होते आणि शेवटी पिवळे पडते. म्हणून एकाच झाडावर एकाच वेळी तीन रंगांची फुले दिसतात. एकेरी अनंताला बहुधा सहा पाकळ्या असतात. बागांतून अधिक आवडीने लावला जातो तो दुहेरी अनंत. त्याच्या फुलातील पुंकेसरांच्याही पाकळ्या झालेल्या असतात. त्यामुळे फूल भरगच्च दिसते, पण त्याला फळ सहसा धरत नाही. फुलांचा वास रात्री अधिक दरवळतो, कारण मूळच्या एकेरी फुलाकडे येणारे पाहुणे म्हणजे रात्री उडणारे पतंग होत. अंधारात पांढरा रंग आणि वास या दोनच खुणा त्यांच्या उपयोगी पडतात.

हे झाड मूळचे चीन, जपान व त्यांच्या आसपासच्या प्रदेशांतील. एकेरी अनंताला तेथे नारिंगी रंगाची, उभ्या कंगोऱ्यांची फळे येतात. ती वाळवून त्यांच्यापासून पिवळा रंग काढतात आणि जपानात तो मुळ्याच्या लोणच्यालाही देतात. केशराला ज्या द्रव्यामुळे रंग येतो, तेच द्रव्य या फळात असते. शास्त्रज्ञ अनंताला ‘गार्डेनिया’ म्हणतात. हे नाव इंग्रजीतील बागेच्या शब्दावरून पडले असेल असे कोणालाही वाटेल. पण तसे नाही. अमेरिकेतील चार्ल्सटन या शहरी अलेक्झांडर गार्डन नावाचे एक वैद्य राहत असत. त्यांना वनस्पतींचा मोठा छंद होता. त्यांच्या सन्मानार्थ त्यांचे स्नेही जॉन एलिस यांनी १७६१ साली हे नाव प्रसिद्ध केले. कॉफी, कदंब व सिंकोना ही झाडे अनंताच्याच कुळातील होत. महाराष्ट्राच्या रानांतही अनंताचा एक अगदी जवळचा भाऊबंद आहे. त्याच्या कळ्यांतून पाझरणारा उग्र वासाचा डिंक म्हणजे आजीबाईच्या बटव्यातील डिकेमाली. एकाचा वास घराला वेड लावतो, तर दुसऱ्याच्या वासाने मुले नाक मुरडतात!

अनंत सदाहरित आहे. याचा अर्थ त्याची पाने कधीच गळत नाहीत असा नाही. पळस किंवा सावर ही झाडे ठरावीक ऋतूत पार निष्पर्ण होतात. अनंताचे तसे होत नाही. त्याची जुनी पाने थोडीथोडी पिवळी होऊन गळतात आणि तोवर शेंड्याला नवी आलेली असतात. तेव्हा आतल्या बाजूची दोन-चार म्हातारी पाने पिवळी पडली, तर घाबरण्याचे कारण नाही. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडू लागली, तर मात्र झाड संकटात आहे असे समजावे.

हे संकट देशावर फार वेळा येते. नोकरीनिमित्त सोलापूर, परभणी अशा गावी गेलेले कोकणातील एखादे कुटुंब माहेरची आठवण म्हणून अनंताचे रोप बरोबर नेते. वर्षभर ते बरे चालते. मग नव्या पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळाधमक होतो. झाडाला पाणी कमी पडत असेल असे वाटून घरातील मुले रोज विहिरीचे पाणी घालतात. पाने अधिकच पिवळी पडतात. कोणी चुलीतील राख आणून बुंध्याशी टाकतो. त्यानंतर कळ्याही गळू लागतात. माया कमी नसते, तरी झाड खंगत जाते.

याचे कारण मातीत आहे. पानातील हरितद्रव्य तयार होण्यास थोडेसे लोह लागते. देशावरील काळी माती ज्या खडकापासून झाली, त्या खडकात लोह विपुल असते. पण या मातीत चुनखडीही असते. चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि अशा मातीत लोह पाण्यात विरघळत नाही. मुळे तर विरघळलेलेच अन्न घेऊ शकतात. भरल्या कोठारासमोर उपाशी राहावे, तशी अनंताची गत होते. विहिरीच्या जड पाण्यात चुना असतो आणि राखही अल्कधर्मी असते. म्हणून दोन्ही उपायांनी दुखणे वाढते. कोकणातील जांभ्याच्या तांबड्या मातीतून मुसळधार पावसाने चुना केव्हाच धुऊन नेलेला असतो. ती माती आम्लधर्मी असते. मातीचा हा गुण ज्या अंकाने मोजतात त्याला सामू म्हणतात. ७ हा त्याचा मध्य होय. अनंताला ५ ते ६.५ सामू मानवतो. काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो.

म्हणून देशावर अनंत जमिनीत न लावता मोठ्या कुंडीत लावणे शहाणपणाचे. कुंडीत तांबडी माती, कुजलेला पालापाचोळा, जुने शेणखत व थोडी वाळू मिसळावी. तळाच्या भोकावर खापऱ्या ठेवाव्यात, म्हणजे पाणी साचून मुळे कुजत नाहीत. चुन्याने रंगवलेल्या नव्या भिंतीलगत कुंडी ठेवू नये. सकाळचे ऊन मिळावे व दुपारी सावली पडावी अशी जागा उत्तम. पावसाचे पाणी साठवून तेच घालता आले, तर त्याहून चांगले काहीच नाही. अनंताची मुळे वरच्या वर असतात. तेथे खुरपे खोल चालवू नये, वाळलेल्या पानांचे आच्छादन मात्र करावे. पाने पिवळी पडलीच, तर एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व लिंबाचा थोडा रस घालून ते पाणी सायंकाळी पानांवर फवारावे. हिराकशीतून पानांना थेट लोह मिळते. तथापि हा तात्पुरता उपाय होय. माती बदलल्याखेरीज दुखणे मुळापासून जात नाही. कळ्या धरल्यावर कुंडी इकडून तिकडे हलवू नये आणि माती कोरडी पडू देऊ नये, नाहीतर कळ्या न उमलताच गळतात. पानांखाली कापसासारखे ठिपके दिसले आणि मुंग्यांची ये-जा वाढली, तर पिठ्या ढेकूण आला असे ओळखून साबणाच्या पातळ पाण्याने पाने पुसून काढावीत.

नवे रोप करण्यास पावसाळा योग्य. फार कोवळी नाही व फार जून नाही अशी वीतभर फांदी पेराखाली तिरपी कापावी, वरची दोन-चार पाने ठेवून बाकीची काढावीत आणि ओल्या वाळूत खोचून सावलीत ठेवावी. दीड-दोन महिन्यांत मुळे फुटतात. या काळात ती उपटून पाहण्याचा मोह होतो. त्याने कोवळी मुळे तुटतात. जुन्या झाडाची छाटणी करावयाची ती बहर संपताच करावी. उशीर केला, तर पुढच्या बहराच्या फांद्याच कापल्या जातात.

फूल खुडताना पाकळ्यांना हात लावू नये. बोटे लागतील तेथे काही वेळाने तपकिरी डाग उठतात. देठासह दोन पाने ठेवून पहाटे फूल काढावे आणि पाण्याने भरलेल्या पसरट वाटीत सोडावे. एका फुलाचा वास रात्रीपर्यंत माजघरात भरून राहतो.