‘ला बायादेर’ : रशियन रंगमंचावरील गोवळकोंडा

बॅले म्हणजे शब्दांवाचून सांगितलेले नाटक. पात्रे बोलत नाहीत, गात नाहीत. वाद्यवृंदाच्या साथीवर केवळ पदन्यास आणि अंगविक्षेप यांतून कथा उलगडत जाते. रशियन बॅले म्हटले की आपल्याकडे ‘स्वान लेक’चे नाव चटकन घेतले जाते. परंतु त्याच वर्षी, म्हणजे १८७७ मध्ये, रंगमंचावर आलेला ‘ला बायादेर’ हा बॅले आपल्याला अधिक जवळचा वाटावा असा आहे; कारण त्याची कथा घडते ती गोवळकोंड्यात! आपला नांदेड जिल्हा १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच राज्यातला हा किल्ला.

आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे ४ फेब्रुवारी १८७७ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. नृत्यरचनाकार मारियस पेतिपा मूळचा फ्रान्समधील मार्सेचा, तर संगीतकार लुडविग मिंकुस व्हिएन्नाचा. म्हणजे कथा हिंदुस्थानची, कर्ते पश्चिम युरोपातले आणि रंगभूमी रशियाची, असा हा त्रिवेणी संगम होता.

कथानक थोडक्यात असे : देवळात नृत्यसेवा करणारी निकिया आणि शूर योद्धा सोलोर यांचे एकमेकांवर प्रेम आहे. पवित्र अग्नीसमोर त्यांनी शपथ घेतली आहे. पण राजा आपली कन्या गमझाट्टी सोलोरला देऊ करतो आणि सोलोरला नकार देववत नाही. वाङ्निश्चयाच्या समारंभात निकियाला नाचावे लागते. तिला दिलेल्या फुलांच्या करंडीत नाग दडवलेला असतो. त्याच्या दंशाने ती मरते. विषावरचा उतारा समोर असतो, परंतु सोलोर दुसरीचा झालेला पाहून ती तो नाकारते. पुढे अफूच्या धुंदीत सोलोरला छायांच्या राज्याचे स्वप्न पडते. मूळ प्रयोगाच्या शेवटी देवांचा कोप होऊन मंदिर कोसळते.

या कल्पनेचा उगम कोठे आहे? ‘बायादेर’ हा फ्रेंच शब्द पोर्तुगीज ‘बायलादेइरा’ या शब्दावरून आला. त्याचा अर्थ नर्तकी. गोव्यात देवळांतून गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांना पोर्तुगीज याच नावाने ओळखत. आपण त्यांना कलावंतीण म्हणत आलो. १७९७ मध्ये जर्मन कवी ग्योथे याने देव आणि नर्तकी यांच्यावर कविता लिहिली. तिच्या आधारे १८३० मध्ये पॅरिसला नृत्यनाट्य झाले. १८३८ मध्ये तर पाँडिचेरीजवळच्या खऱ्या देवदासी पॅरिसच्या रंगमंचावर नाचल्या. त्यांपैकी अमनी हिच्या नृत्यावर तेऑफिल गोतिए हा लेखक लुब्ध झाला. पुढे १८५८ मध्ये त्याने शाकुंतलाच्या कथेवर बॅले लिहिला. त्याची नृत्ये बसवली पेतिपाच्या थोरल्या भावाने. अशा रीतीने ही कल्पना पॅरिसहून पीटर्सबर्गला पोहोचली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. गोवळकोंडा ही कुतुबशाहीची राजधानी. त्या प्रदेशातल्या भागानगरात १६७७ मध्ये, म्हणजे या बॅलेच्या बरोबर दोनशे वर्षे आधी, शिवाजी महाराज अबुल हसन कुतुबशहाला भेटले. १६८७ मध्ये औरंगजेबाने ते राज्य बुडवले. बॅलेतला राजा या इतिहासात कोठेच बसत नाही. युरोपला गोवळकोंडा माहीत होता तो हिऱ्यांसाठी, आणि वैभवाचे एक नाव म्हणूनच ते वापरले गेले. मिंकुसचे संगीतही युरोपीय वॉल्ट्झच्या वळणाचे; त्यात रागतालाचा मागमूस नाही.

मग हा बॅले टिकला कशाने? त्याचे श्रेय छायांच्या प्रवेशाला आहे. शुभ्र वेषातल्या नर्तकी एकामागून एक उतारावरून खाली येतात. प्रत्येकीची हालचाल तीच : एक पाय मागे उचलून शरीर पुढे झुकवायचे, मग मागे तोलून पुढचे पाऊल टाकायचे. आज बहुधा चोवीस किंवा बत्तीस नर्तकी हा प्रवेश करतात. एकीचा तोल गेला तरी सारे चित्र विसकटते. किरोव्ह संघाने १९६१ मध्ये हा प्रवेश पॅरिसमध्ये दाखवला. त्याच दौऱ्यात रुडॉल्फ नुरेयेव्हने रशिया सोडला आणि १९६३ मध्ये लंडनच्या रॉयल बॅलेसाठी तो बसवला. १९८० मध्ये नतालिया माकारोव्हाने संपूर्ण बॅले न्यूयॉर्कला उभा केला. गंमत अशी, की ज्या प्रवेशामुळे हा बॅले अमर झाला, त्यात हिंदुस्थान जवळजवळ नाहीच.

खऱ्या बायादेरची कहाणी मात्र आपल्याकडे चालू राहिली. तंजावरच्या मराठा दरबारात दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८–१८३२) नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. त्यांच्याच पदरच्या चार बंधूंनी देवदासींच्या नृत्याला आजच्या भरतनाट्याची मांडणी दिली. मुंबईचे नृत्यगुरू पार्वतीकुमार यांनी त्या मराठी रचनांचा अभ्यास करून त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या. दुसरीकडे मुली देवाला वाहण्याच्या प्रथेने असंख्य स्त्रियांची आयुष्ये होरपळली. ती रोखण्यासाठी मुंबई प्रांतात १९३४ मध्ये कायदा करावा लागला. कलावंत समाजातल्याच केसरबाई केरकर पुढे मोठ्या गायिका झाल्या. १९७७ मध्ये, बॅलेला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, अंतराळात निघालेल्या ‘व्हॉयेजर’ यानांवरील तबकडीत त्यांची भैरवी आहे. रशियन रंगमंचावरच्या निकियाला शब्द नाही. गोव्याच्या कलावंतिणीचा स्वर मात्र सूर्यमालेबाहेर गेला आहे.

पेतिपाची रचना थोर आहे, हे मान्य करूनही एवढे म्हणावेसे वाटते, की दुरून पाहिलेले चित्र आणि जगलेले जीवन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या जिल्ह्यात माळेगावच्या यात्रेला खंडोबाचे वाघ्या-मुरळी येतात. त्यांच्या गाण्यांत कला आहे आणि मुरळीच्या वाट्याला आलेले दुःखही आहे. ते दोन्ही समजून घेऊन लिहून ठेवण्याचे काम आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी केले नाही, तर त्यांचेही चित्र कोणीतरी दुरूनच काढील.