वेब-ॲप्लिकेशनचीं सेटिंगें व त्यांची व्यवस्था

तबला एकच असला, तरी तो प्रत्येक गायकाच्या पट्टीप्रमाणें लावून घ्यावा लागतो. वादक हातोडीनें गट्टे वरखालीं करतो. नवा तबला घडवीत बसत नाहीं. वेब-ॲप्लिकेशनचेंही असेंच आहे. प्रोग्राम एकच, परंतु तो प्रथम विद्यार्थ्याच्या घरच्या संगणकावर, मग चांचणीच्या संगणकावर आणि शेवटीं लोकांच्या उपयोगाच्या सर्व्हरवर चालवावयाचा असतो. ठिकाण बदललें कीं ज्या गोष्टी बदलतात, त्यांस सेटिंगें म्हणतात. डेटाबेसचा पत्ता, त्याचा पासवर्ड, ई-मेल पाठविणाऱ्या सर्व्हरचें नांव, हीं याचीं उदाहरणें होत. गुणांची बेरीज करण्याची रीत मात्र कोठेंही गेलें तरी बदलत नाहीं. तिची जागा प्रोग्रामांतच आहे. हा भेद विद्यार्थ्यांनीं प्रथम ध्यानांत घ्यावा.

उदाहरणादाखल जँगो घेऊं. पायथन भाषेंतील हें साधन अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत एका वृत्तपत्राच्या कचेरींत निर्माण झालें, व २००५ सालीं सर्वांस खुलें झालें. जँगोंत नवें काम आरंभिलें म्हणजे सेटिंगांची एक फाइल आपोआप तयार होते. तींतील दोन नांवें विशेष महत्त्वाचीं. पहिलें 'डीबग'. तें चालू असतां कांहीं बिघाड झाल्यास पडद्यावर त्याची सविस्तर हकीकत दिसते. शिकणारास ती उपयोगी; परंतु लोकांच्या सर्व्हरवर तीच हकीकत परक्यास आपल्या घराचा नकाशा दाखविते. दुसरें 'सीक्रेट की'. हिच्या योगें जँगो आपल्या कित्येक कागदांवर जणूं मोहोर उठवितो. ही ज्याच्या हातीं लागली, त्यास खोटी मोहोर उठवितां येते.

मग हीं गुपितें ठेवावीं कोठें? युनिक्स या कार्यप्रणालीच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीपासून 'एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल' नांवाची सोय चालत आली आहे. प्रोग्राम सुरू होतांना संगणक त्याच्या हातीं नांव व मूल्य अशा जोड्यांची एक यादी देतो. गुपित त्या यादींत ठेवावें, आणि प्रोग्रामांत केवळ नांव लिहावें. २०११ सालच्या सुमारास हेरोकू येथील मंडळींनीं प्रसिद्ध केलेल्या 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' या नियमावलींत हाच मार्ग सांगितला आहे. तींतील कसोटी सोपी आहे : आपला सर्व प्रोग्राम या क्षणीं जगापुढें मांडला, तर एखादें गुपित फुटेल काय? 'होय' असें उत्तर आल्यास व्यवस्था चुकली, असें समजावें.

येथें एक खांचखळगा आहे. या यादींतील प्रत्येक मूल्य म्हणजे नुसतीं अक्षरें असतात. डीबग बंद करण्यासाठीं तेथें 'फॉल्स' असें लिहिलें, आणि पायथनच्या 'बूल' या क्रियेनें तें तपासलें, तर उत्तर 'खरें' असेंच येतें. कारण रिकामी नसलेली कोणतीही अक्षरमाला पायथन खरीच मानतो. म्हणून अक्षरें ताडून पाहावीं, आणि मूल्य न मिळाल्यास डीबग बंदच राहील असें करावें. सीक्रेट की न मिळाल्यास मात्र प्रोग्रामानें सुरूच होऊं नये. आरंभीं अडलेलें बरें. मध्यें बुडालेलें वाईट.

घरच्या संगणकावर हीं मूल्यें 'डॉट-एन्व्ह' नांवाच्या फाइलींत ठेवण्याचा प्रघात आहे. ती गिटच्या नोंदींत जाऊं नये म्हणून तिचें नांव 'डॉट-गिटइग्नोअर' या फाइलींत प्रथमच लिहावें. सोबत्यांसाठीं केवळ नांवांची, मूल्यें गाळलेली, एक नमुना-फाइल द्यावी. चुकून गुपित गिटमध्यें गेलेंच, तर पुढें तें पुसून भागत नाहीं. कारण गिट मागील प्रत्येक नोंद जपून ठेवतो. अशा वेळीं ती किल्ली तत्काळ रद्द करून नवी घ्यावी.

ही खबरदारी क्षुल्लक नव्हे. २०१६ सालीं उबर कंपनीच्या प्रोग्रामांत राहिलेली अशी एक किल्ली गिटहबवरून चोरांच्या हातीं पडली, आणि सुमारें ५ कोटी ७० लक्ष प्रवासी व चालक यांची माहिती गेली. त्या लोकांचा यांत कांहीं अपराध नव्हता. त्यांनीं विश्वासानें आपलें नांव व फोन-क्रमांक दिला होता, इतकेंच.

पालकांनींही एक गोष्ट पाहावी. मुलाच्या क्लाउड-खात्यास घरचें कार्ड जोडलेलें असेल, तर फुटलेल्या किल्लीनें चोरानें चालविलेल्या सर्व्हरांचें बिल घरींच येतें. मुलानें आपलें काम गिटहबवर ठेवलें असेल, तर "किल्ल्या कोठें ठेवल्यास?" एवढा प्रश्न अवश्य विचारावा. त्यासाठीं पायथन येण्याची गरज नाहीं.

अभ्यास
१. शाळेच्या ग्रंथालयाचें वेब-ॲप्लिकेशन केल्यास पुढीलपैकीं कोणतीं सेटिंगें व कोणता प्रोग्रामाचा भाग : डेटाबेसचा पासवर्ड, पुस्तक उशिरा आल्यास दिवस मोजण्याची रीत, ई-मेल सर्व्हरचें नांव?
२. गुपित पुसून टाकल्यावरही नवी किल्ली कां घ्यावी, हें घरांतील वडील मंडळींस समजेल अशा भाषेंत लिहा.