शहाबादी फरशीचे कूळ

महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या ओटीवर, शाळांच्या व्हरांड्यांत आणि देवळांच्या आवारांत करड्या-निळसर रंगाची शहाबादी फरशी बसविलेली आढळते. तिच्यावर नित्य पावले पडतात. परंतु तिचे कूळ थोड्यांनाच ठाऊक असते. ही फरशी म्हणजे एका अतिप्राचीन समुद्राचा तळ होय.

कर्नाटक राज्यातील कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद हे गाव आहे. ५० कोटी वर्षांहूनही पुष्कळ पूर्वी त्या प्रदेशावर उथळ समुद्र पसरलेला होता. त्याच्या संथ पाण्यात चुन्याचा अतिशय बारीक गाळ थरावर थर साचत गेला. वरच्या थरांच्या भाराने खालचा गाळ दबला, घट्ट झाला आणि कालांतराने त्याचा चुनखडक बनला. थराथरांमध्ये मातीचे पातळ पापुद्रे राहिल्यामुळेच खाणीतील कामगारांना छिन्नी व पहार चालवून त्याच्या सपाट लाद्या काढता येतात.

भूवैज्ञानिक या खडकास ‘शहाबाद शैलसमूह’ म्हणतात. शैलसमूह ठरविण्याची रीत मोठी काटेकोर आहे. त्यातील खडक शेजारच्या खडकांहून वेगळा ओळखू यावा लागतो. त्याच्या तळाची व माथ्याची सीमा दाखविता यावी लागते. आणि नकाशावर रेखाटता येईल इतका त्याचा विस्तार असावा लागतो. मग तो जेथे चांगला उघडा पडलेला दिसतो, त्या स्थळाचे नाव त्यास देतात. शहाबादच्या चुनखडकाखाली वालुकाश्म व शेल आहेत, तर वर पुन्हा शेल आहे. शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला, पापुद्र्यांचा खडक. ही सीमा ओळखण्यात चूक झाली, तर सिमेंटसाठी चुनखडक शोधणाऱ्याच्या हाती शेल लागतो आणि श्रम व्यर्थ जातात.

पश्चिमेकडे हा चुनखडक महाराष्ट्राच्या काळ्या बेसाल्टखाली दडला आहे. बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. दोहोंतील भेद घरीही कळतो. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की बारीक बुडबुडे येतात व पांढुरका डाग पडतो. बेसाल्टवर तसे होत नाही.

खाणीतून लादी निघण्यास काही घटका पुरतात. ती घडण्यास मात्र युगे लागली. एकदा खणून काढलेला हा खडक त्या जागी पुन्हा निर्माण होत नाही. म्हणूनच त्याचा वापर जपून करणे हे सुज्ञपणाचे लक्षण होय.