डोईवर ओझे, हाती खडू
(अभ्यासलेख)

शाळेच्या इतिहासात राजे, लढाया आणि तह असतात. आपल्या आजीचे त्यात काय? असा प्रश्न मुली विचारतात. त्याचे उत्तर म्हणून आपल्याच नागपूरच्या जाईबाई चौधरींचे जीवन येथे अभ्यासू या.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली उमरेडचा. १८९६ च्या दुष्काळाने कुटुंब नागपूरला आले. १९०१ साली, वयाच्या नवव्या वर्षी, बापूजी चौधरींशी लग्न झाले. पोटासाठी त्यांनी नागपूर-कामठी मार्गावर हमाली केली. मिस ग्रेगरी या मिशनरी बाईंनी ही हमाल बाई वाचू शकते हे ओळखले आणि तिला महिना चार रुपयांवर शिक्षिकेचे काम दिले. परंतु शिक्षिका अस्पृश्य आहे हे कळताच पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला. नोकरी गेली. जाईबाई खचल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली.

आता दूर अमेरिकेकडे पाहू. गुलामीतून मुक्त झालेल्या आईबापांच्या पोटी १८७५ साली जन्मलेल्या मेरी मॅक्लिओड बेथून यांनी १९०४ साली फ्लोरिडा राज्यात दीड डॉलर आणि पाच मुली यांच्या बळावर शाळा सुरू केली. पुढे तिचे महाविद्यालय झाले. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले, तेव्हा इकडे जाईबाई एकवीस वर्षांच्या होत्या. दोन देश, दोन स्त्रिया. अडवणूक मात्र एकच, आणि त्यावरचा उपायही एकच.

१९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. तेथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना व त्यांच्या भगिनींना वेगळे बसविण्यात आले. भगिनींनी सभा घेऊन जाहीर निषेध केला. २० जुलै १९४२ रोजी याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद झाली आणि तिला हजारो स्त्रिया आल्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला तर दीक्षाभूमीवर बायकांचा सागरच लोटला.

२०२२ साली बेथून यांचा पुतळा अमेरिकेच्या संसद भवनात बसला. जाईबाईंचे नाव आपल्याला कळते ते मुख्यतः ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी वृद्ध कार्यकर्त्या स्त्रियांना घरोघरी जाऊन विचारले म्हणून. 'आम्हीही इतिहास घडवला' हा त्यांचा ग्रंथ १९८९ चा. विचारणारे कोणी नसते, तर ही शाळाही विस्मृतीत गेली असती.

दीक्षेच्या वेळी तान्हे मूल कडेवर असलेल्या कितीतरी आया आज हयात नाहीत. ज्या आहेत त्यांना जन्मसाल आठवत नाही, पण तो दिवस आठवतो. म्हणून प्रताप नगरातील प्रत्येक घरासाठी आम्ही एक स्वाध्याय देतो. वहीचे पान दुमडा. डावीकडे देशाची आणि जगाची साले लिहा. उजवीकडे त्या वर्षी आपली आई किंवा आजी कोठे होती, काय काम करीत होती आणि काय शिकली ते तिलाच विचारून लिहा. उजवी बाजू रिकामी राहिली, तर दोष तिचा नाही. विचारायला आम्हा सर्वांना उशीर झाला, एवढाच त्याचा अर्थ.