गिळलेला काटा

मासे-भात म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसांचा जीव की प्राण. पण घाईने जेवताना कधी कधी काटा गिळला जातो. मग घरात धावपळ उडते.

"आत्याबाई, ह्यांनी काटा गिळला हो!"

"घाबरू नको गं. सुक्या भाताचा गोळा दे. जाईल खाली."

हा उपाय आपण सर्वांनी ऐकला आहे. आपल्यातल्या कित्येकांनी केलाही आहे. पण तो बरा नव्हे. गोळ्याच्या रेट्याने काटा अधिक खोल रुततो.

गिळलेली वस्तू कोठे जाते, ते पाहू. घशाखाली वीतभर अन्ननलिका असते. मग पोट. त्यापुढे सुमारे २० फूट लांब लहान आतडे. दहांपैकी आठ-नऊ वेळा गिळलेली वस्तू शौचावाटे आपोआप बाहेर पडते. म्हणून उगाच भिऊ नये. पण काटा, टाचणी, सुई यांना टोक असते. ते टोक कधी आतड्याला भोक पाडते. त्या भोकातून मळ पोटाच्या पोकळीत सांडतो. आत पू होतो. विष अंगभर भिनते.

खुणा लक्षात ठेवा. पोटदुखी वाढत जाते. ताप येतो. उलट्या होतात. पोट फळीसारखे कडक होते. हे दुखणे काटा गिळल्यावर काही दिवसांनीही सुरू होते. तोवर माणूस काटा विसरून गेलेला असतो! माशाचा काटा एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. म्हणून डॉक्टरांना आपणच सांगावे, "परवा मासे खाल्ले होते." एवढ्या एका वाक्याने जीव वाचू शकतो.

काटा अन्ननलिकेत किंवा पोटात असेल, तर पुष्कळदा तोंडातून दुर्बिणीची नळी घालून तो काढतात. पोट कापावे लागत नाही. आतड्याला भोक पडले, तर मात्र बहुधा ऑपरेशन करावे लागते. रोग्याला भूल देतात. काटा काढतात. पोट आतून धुतात. भोकाला टाके घालतात. आतडे कुजले असेल, तर तेवढा तुकडा कापून दोन टोके जोडतात. कधी आतड्याचे तोंड काही महिने पोटावर काढून ठेवतात.

"पोट फाडले की माणूस गेला," असे लोक म्हणतात. आम्ही म्हणतो, माणूस जातो तो उशिरामुळे. जितका उशीर, तितके विष जास्त.

आणखी एक गोष्ट. घड्याळात, रिमोटमध्ये, खेळण्यात बटणासारखी चपटी बॅटरी असते. मुलाने ती गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही आतून भाजते. दोन लोहचुंबक गिळले, तर ते एकमेकांना ओढतात. मधले आतडे चिमटते आणि त्याला भोक पडते. अशा वेळी दुखण्याची वाट पाहू नये. १०८ नंबरला फोन करावा आणि तडक मोठे इस्पितळ गाठावे.

ध्यानात ठेवा

१. भाताचा गोळा किंवा केळे देऊ नका.
२. बोटे घालून उलटी काढू नका.
३. काय गिळले आणि केव्हा, ते डॉक्टरांना सांगा.

सांगा पाहू

१. आतड्याला भोक पडल्याच्या खुणा कोणत्या?
२. तुमच्या घरात चपटी बॅटरी कशाकशात आहे? आज घरी जाऊन पाहा.