डोळ्यांआडची खोली

बीट सेबर हा खेळ प्रागच्या बीट गेम्स या लहानशा कंपनीने मे 2018 मध्ये आणला. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, दोन्ही हातांत कंट्रोलर धरायचे. गाण्याच्या ठेक्यावर समोरून ठोकळे झेपावत येतात. लाल ठोकळा डाव्या हातातल्या प्रकाशाच्या तलवारीने कापायचा, निळा उजव्या हातातल्या, आणि तोही ठोकळ्यावरच्या बाणाच्या दिशेनेच. मध्येच भिंत अंगावर येते, तेव्हा खाली बसायचे किंवा बाजूला व्हायचे. तीन-चार गाण्यांत पाठ घामाने भिजते. जिमचे पैसे भरून घरी बसणाऱ्या माझ्यासारखीला या खेळाने संध्याकाळी आपणहून व्यायामाला उभे केले. त्याचे हे ऋण मी मानते. म्हणूनच तो सुरू करणाऱ्या प्रत्येकाला काही गोष्टी आधी कळाव्यात असे मनापासून वाटते.

काही महिन्यांनी माझे उजवे कोपर बाहेरच्या बाजूने ठणकू लागले. कुकरचे झाकण लावताना कळ यायची, ओला टॉवेल पिळवेना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी कोपराशी एका जागी बोट दाबले आणि विचारले, "ताई, टेनिस खेळता का?" मी खेळाचे सांगितल्यावर त्यांनी पुढच्या खेपेला कंट्रोलर घेऊन यायला लावले आणि घरी धरते तसा धरून दाखवायला सांगितला. माझी बोटे पांढरी पडलेली त्यांना दिसली. "एवढा घट्ट कशाला धरता? मनगटाला दोरी आहे ना त्याची?"

दुखणे टेनिस एल्बोचेच होते. मनगट मागे खेचणारे स्नायू ज्या कंडरेने कोपराच्या हाडाला जोडलेले असतात, तिच्यावर सततचा ताण आला होता. कंट्रोलर वजनाला अगदी हलका. ताण वजनाचा नव्हता, आवळलेल्या मुठीचा आणि मनगटाच्या झटक्यांचा होता.

हे झटके खेळालाही नको असतात, हे मला नंतर गुणांची पद्धत समजून घेतल्यावर कळले. एका साध्या ठोकळ्याला जास्तीत जास्त 115 गुण असतात. कापण्याआधी तलवार 100 अंशांतून फिरली तर 70, कापल्यानंतर 60 अंश पुढे गेली तर 30, आणि ठोकळ्याच्या बरोबर मधून गेली तर 15. जोराला एकही गुण नाही. म्हणजे खांद्यापासून मोठा, मोकळा हात फिरवणाऱ्याला गुणही मिळतात आणि व्यायामही होतो. वरच्या पातळीवर जाण्याची घाईही याच कारणाने करू नये. एक्स्पर्ट प्लस या सर्वांत वरच्या पातळीवर ठोकळे इतके दाट येतात की पूर्ण हात फिरवायला वेळच उरत नाही. सगळे काम मनगटावर येते. व्यायाम हवा असेल तर हार्ड किंवा एक्स्पर्ट पातळीवर, पूर्ण हाताने खेळावे. गुणांचा आकडा मोठा दिसला म्हणजे शरीराला जास्त मिळाले असे होत नाही.

बॉक्सिंगचे खेळ निवडणाऱ्यांना वेगळी सूचना. द थ्रिल ऑफ द फाइटसारख्या खेळात ठोसा मारायचा, पण समोर काहीच नसते. खऱ्या बॅगवर मूठ थांबते. इथे हात हवेत सुटतो आणि कोपर झटक्याने पूर्ण सरळ होते. ते पूर्ण सरळ होण्याआधी हात मागे घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

हे सगळे खेळताना का जाणवत नाही? लक्ष गाण्यात आणि ठोकळ्यांत असते, त्यामुळे होणारे श्रम आहेत त्यापेक्षा कमी वाटतात. या खेळाचे बळ त्यातच आहे आणि धोकाही. दमल्याची खूण शरीराकडून वेळेवर येत नाही, म्हणून थांबायची वेळ हेडसेट घालण्याआधी ठरवा, फोनवर गजर लावा. खांदे आणि मनगटे आधी फिरवून मोकळी करा.

आता खोली. क्वेस्टसारख्या हेडसेटमध्ये खेळण्याच्या जागेची हद्द आखता येते. हात तिच्याजवळ गेला की डोळ्यांसमोर जाळी दिसते. दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा धरावी लागते. पण ही हद्द जमिनीवर आखलेली असते, वर काय आहे ते तिला कळत नाही. आपल्या घरांत वर पंखा असतो. उंच माणसाचा उचललेला हात, त्यात कंट्रोलर, आणि फिरती पाती! जागा पंख्याखाली नको. दुसरी नसेल तर पंखा बंद हवाच. त्याऐवजी समोर टेबल फॅन ठेवा, हद्दीच्या बाहेर. घाम वाळतो आणि चेहऱ्यावरच्या वाऱ्यावरून आपले तोंड कोणत्या दिशेला आहे ते डोळे झाकलेले असतानाही समजते. पायाखाली न सरकणारी लहान मॅट असावी. पाय तिच्यावरून उतरला की आपण मधून हटलो हे कळते. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून खेळू नका, घामाने पाय सटकतो.

घरातल्या माणसांना एकच नियम सांगून ठेवा: दारातूनच मोठ्याने हाक मारायची, मागून येऊन हात लावायचा नाही. रांगते मूल किंवा मांजर असेल तर दार लावून घ्या.

हेडसेटचे वजन साधारण अर्धा किलो असते आणि ते सगळे पुढे येते. पट्टा डोक्याच्या मागे खाली, कवटीच्या उंचवट्याखाली बसला तर मान वाचते. काही जणांना बस लागते तसे गरगरते. बीट सेबरमध्ये आपण एका जागी उभे असल्याने हे कमी होते, चालत्या-पळत्या खेळांत जास्त. पहिली मळमळ आली की लगेच थांबा, रेटू नका. फिट्स येणाऱ्यांनी लुकलुकत्या दिव्यांमुळे आणि पेसमेकर असणाऱ्यांनी उपकरणातल्या चुंबकांमुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट घालूच नये. आणि तो खिडकीत कधी ठेवू नका: भिंगांतून एकवटलेले ऊन आतला पडदा जाळते.

दुखणे आलेच तर खेळ बंद करून फिजिओथेरपिस्टकडे जा, मलम चोळत खेळत राहू नका. पुन्हा खेळू लागताना माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला नॉर्मल पातळीवर, गाण्याचा वेग कमी करून सुरुवात करायला सांगितले. शिवाय खेळात 'नो फेल' नावाची सोय आहे. ती लावली की ठोकळे सुटले तरी गाणे थांबत नाही, त्यामुळे चुकलेला ठोकळा गाठायला हात झटकला जात नाही. दोन गाण्यांच्या मध्ये कंट्रोलर सोडून मनगटाच्या दोरीवर लोंबू द्यायचे आणि बोटे पूर्ण उघडायची. सकाळी कोपर कुरकुरले तर त्या संध्याकाळी खेळायचे नाही, नुसते चालायला जायचे.