गहाण कर्जाची मुदतपूर्व फेड व त्यानंतरची व्यवस्था

जमिनीच्या तारणावर काढलेले कर्ज हे शेतकऱ्याच्या संसारातील सर्वांत दीर्घकाळ चालणारे देणे होय. विहीर, मोटार व पाइपलाइन, जमिनीचे सपाटीकरण, फळबाग, ट्रॅक्टर किंवा राहते घर अशा कारणांसाठी काढलेले हे कर्ज कित्येक वर्षे चालते, व तेवढा काळ सात-बाराच्या उताऱ्यावर कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव राहते. एखाद्या वर्षी पीक आणि भाव दोन्ही चांगले लाभले, म्हणजे हे देणे मुदतीपूर्वीच वारून टाकावे असा विचार मनात येतो. हा विचार स्तुत्य आहे. तथापि, पैसे भरून खाते मिटले परंतु जमिनीवरील बोजा कागदोपत्री तसाच राहिला, तर फेडीचे काम अर्धेच झाले असे समजावे.

पैशाची फेड आणि कागदाची फेड

या दोन गोष्टींतील भेद महाराष्ट्रातील शेतकऱ्याने फार पूर्वी अनुभवला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला व तो लवकरच आसपासच्या गावांत पसरला. त्या वेळी लोकांचा मुख्य रोख सावकारांजवळील कर्जरोखे व दस्तऐवज हस्तगत करून ते जाळण्यावर होता. दिलेल्या पैशाचा पुरावा शेतकऱ्यापाशी नसे आणि घेतलेल्या पैशाचा पुरावा मात्र सावकारापाशी असे, हे त्यामागील एक मोठे दुःख होते. पुढे १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांसाठी दख्खनचा शेतकरी साहाय्य कायदा झाला. भरलेल्या रकमेची लेखी पावती आणि दरसालचा हिशेब मिळण्याचा हक्क त्या कायद्याने शेतकऱ्यास दिला. आज सावकाराच्या जागी बहुतांशी बँक किंवा सोसायटी आली आहे. पण पावती व हिशेब यांचे महत्त्व तिळमात्र कमी झालेले नाही.

मुदतपूर्व फेडीचा लाभ केव्हा अधिक?

समान हप्त्याच्या कर्जात सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो. समजा, एका शेतकऱ्याने रु. ५,००,००० चे कर्ज द. सा. द. शे. १० दराने, १० वार्षिक हप्त्यांनी फेडण्याच्या बोलीवर घेतले. त्याचा वार्षिक हप्ता सुमारे रु. ८१,३७३ येईल. पहिल्या हप्त्यातील रु. ५०,००० व्याजाचे असून मुद्दल केवळ रु. ३१,३७३ ने कमी होईल. उलटपक्षी, दहाव्या हप्त्यात व्याज सुमारे रु. ७,४०० च असेल.

आता या शेतकऱ्याने ठरलेल्या हप्त्याव्यतिरिक्त एकदाच रु. १,००,००० जादा भरले व पुढील हप्ता तेवढाच चालू ठेवला, तर होणारी बचत अशी :

जादा रक्कम १ ल्या वर्षाअखेर भरल्यास : शेवटचा हप्ता ८ व्या वर्षी, बचत सुमारे रु. १,१६,४००.
४ थ्या वर्षाअखेर भरल्यास : शेवटचा हप्ता ८ व्या वर्षी, बचत सुमारे रु. ६७,९००.
८ व्या वर्षाअखेर भरल्यास : शेवटचा हप्ता ९ व्या वर्षी, बचत सुमारे रु. १७,४००.

रक्कम तीच, परंतु भरण्याच्या वेळेनुसार लाभात किती अंतर पडते हे यावरून स्पष्ट होईल. जादा रक्कम भरताना ‘हप्ता कमी न करता मुदत कमी करावी’ असे बँकेस लेखी कळवावे. हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवल्यास व्याजाची बचत कमी होते.

आधी कोणते देणे?

गहाण कर्ज फेडण्याच्या उत्साहात अधिक व्याजाची देणी मागे ठेवणे शहाणपणाचे नाही. खाजगी सावकाराचे देणे, हातउसने, बी-बियाणे व खतांच्या दुकानातील उधारी आणि सोन्यावरील महाग कर्ज ही आधी मिटवावीत. पीककर्ज वेळेत फेडणाऱ्यास व्याजात सवलत मिळते व तारीख चुकल्यास ती जाते. म्हणून पीककर्जासाठी राखलेला पैसा गहाण कर्जात भरू नये. तद्वतच पुढील हंगामाचा लागवड खर्च आणि घरातील आजारपणासाठी काही शिल्लक बाजूस काढल्यावर जे उरेल, तेच मुदतपूर्व फेडीस वापरावे. हाती काहीच न ठेवता कर्ज मिटविणाऱ्यास पाऊस लांबताच पुन्हा सावकाराच्या दारी जावे लागते, आणि तेही अधिक व्याजाने.

पैसे भरण्यापूर्वी

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६० अन्वये गहाण सोडवून घेण्याचा हक्क मालकास आहे. परंतु तो मुद्दल देय झाल्यानंतर प्राप्त होतो. मुदतीपूर्वी फेड करता येते की नाही, हे कराराच्या अटींवर अवलंबून असते. सबब कर्जमंजुरीचे पत्र व गहाणखत प्रथम वाचून पाहावे. मुदतपूर्व फेडीसाठी आकार द्यावा लागतो काय, हे लेखी विचारावे. रिझर्व्ह बँकेने याविषयी २०२५ मध्ये निदेश काढले असून, १ जानेवारी २०२६ रोजी वा त्यानंतर मंजूर अथवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जांना ते लागू आहेत. व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी व्यक्तीने घेतलेल्या अशा कर्जावर हा आकार घेता येत नाही. त्यानंतर ठराविक तारखेपर्यंतचे मुद्दल, व्याज व इतर खर्च वेगवेगळे दाखविणारा हिशेब मागवावा आणि तो पासबुकाशी ताडून पाहावा.

पैसे भरल्यानंतर

१. रक्कम भरल्याची पावती, खाते बंद झाल्याचा उतारा व बेबाकी दाखला घ्यावा. दाखल्यात कर्ज खात्याचा क्रमांक, गावाचे नाव व सर्व गटांचे क्रमांक बरोबर आहेत याची खात्री करावी. एखादा गट दाखल्यातून सुटल्यास त्यावरील बोजा तसाच राहतो.

२. बँकेपाशी ठेवलेली मूळ कागदपत्रे, कोरे धनादेश व रोखे परत घ्यावेत आणि खात्यातून आपोआप हप्ता वळता करण्याची सूचना रद्द करावी. घरबांधणीसारख्या वैयक्तिक कर्जांच्या बाबतीत, संपूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या या नियमानुसार, बँकेच्या दोषामुळे विलंब झाल्यास दर दिवसास रु. ५,००० भरपाई द्यावी लागते.

३. गहाणखत नोंदणीकृत असल्यास गहाण सुटल्याचा लेखही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवून घ्यावा.

४. सात-बाराच्या ‘इतर अधिकार’ या सदरातील बोजा कमी करण्यासाठी बेबाकी दाखल्यासह तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा. ई-हक्क प्रणालीवरूनही असा अर्ज करता येतो. सोसायटीस करून दिलेल्या इकराराचा बोजाही याच रीतीने कमी होतो. फेरफाराची नोंद गाव नमुना ६ मध्ये होते, संबंधितांना नोटिसा निघतात, आणि मुदतीत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. अर्ज दिला म्हणजे काम झाले असे समजू नये. नवा उतारा काढून बोजा खरोखरच गेला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

५. काही महिन्यांनी पतमाहिती अहवाल तपासावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. मिटलेले कर्ज त्यात थकीत दिसत असल्यास लेखी तक्रार करून दुरुस्ती करून घ्यावी.

या कामांत केलेल्या दिरंगाईचे फळ पुष्कळदा पुढील पिढीस भोगावे लागते. कर्ज फेडणारा हयात असेपर्यंत सारे व्यवहार त्याला तोंडपाठ असतात. त्याच्या पश्चात पत्नी वा मुले वारसनोंद करावयास अथवा नवे कर्ज मागावयास जातात, तेव्हा उताऱ्यावर जुना बोजा दिसतो. तोवर बँकेची शाखा दुसरीकडे गेलेली असते किंवा तिचे दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालेले असते आणि पावती घरात सापडत नाही. ज्या दिवशी पैसे भरले त्याच आठवड्यात अर्ज दिला, तर हा सर्व त्रास वाचतो.

सामाईक जमिनीचा प्रश्न

जमीन भावाभावांत सामाईक असेल आणि एकट्यानेच सर्व कर्ज फेडले असेल, तर इतर हिस्सेदारांकडून त्यांच्या वाट्याची रक्कम मागण्याचा हक्क त्यास कायद्याने मिळतो. मात्र रक्कम कोणी, केव्हा व कोणत्या खात्यातून भरली याची नोंद ठेवावी व सर्वांच्या सह्यांचा कागद तेव्हाच करून घ्यावा. गोडीगुलाबीच्या दिवसांत केलेला कागद वाटणीच्या दिवसांत उपयोगी पडतो.

मोकळा झालेला हप्ता

कर्ज मिटल्यावर हप्त्याची रक्कम हाती राहू लागते. ती प्रपंचात कशी विरून जाते हे ध्यानातही येत नाही. याकरिता हप्ता बंद झाला असे न मानता तो आता आपल्याच बचत खात्यात, पूर्वीच्याच तारखेस भरावा. वरील उदाहरणात चौथ्या वर्षाअखेर जादा रक्कम भरणाऱ्याचे नववा व दहावा हे दोन पूर्ण हप्ते मोकळे होतात; म्हणजे दोन वर्षांत रु. १,६२,७०० हून अधिक रक्कम साठते. तिच्यातून प्रथम एका हंगामाच्या लागवडीचा खर्च राखीव ठेवावा. त्यानंतर बांधबंदिस्ती, सेंद्रिय खत, ठिबक संच, मोटारीची दुरुस्ती अशी जमिनीचा कस व पाण्याची सोय वाढविणारी कामे घ्यावीत. घरच्यांचे औषधपाणी व मुलांचे शिक्षण यांसाठी वेगळी ठेव करावी.

उतारा मोकळा झाला म्हणजे नव्या कर्जासाठी आग्रह होऊ लागतो, आणि नात्यागोत्यातील माणसे जामीन राहण्याची गळ घालतात. जामीनकीची सही म्हणजे दुसऱ्याच्या कर्जाची जबाबदारी स्वतःवर घेणे होय, याचा विसर पडू देऊ नये. नवे कर्ज काढणे सर्वस्वी वर्ज्य नाही. परंतु त्यातून होणाऱ्या उत्पन्नातून व्याज व हप्ता निघेल काय, याचा हिशेब कागदावर मांडल्यावाचून जमीन पुन्हा तारण देऊ नये.

पावती, बेबाकी दाखला, गहाण सुटल्याचा लेख, प्रमाणित फेरफार आणि मोकळा सात-बारा हे सर्व कागद एका जागी जपून ठेवावेत व ते कोठे आहेत हे घरातील निदान दोन माणसांस, विशेषतः पत्नीस, सांगून ठेवावे.